छतावर लिहिलेल्या कविता

मॉन्ट्रियलला आल्यावर पहिले काही महिने मला वाटायचं की आमच्या गल्लीतली पोरं जर्मन बोलतात. काळे कोट, कानांजवळ लोंबणाऱ्या बटा, आणि उणे वीस अंशांतही तोंडाचा पट्टा चालू. ती भाषा निघाली यिडिश. पूर्व युरोपातल्या ज्यूंची घरातली बोली, जर्मनच्या नात्यातली, पण हिब्रू अक्षरांत उजवीकडून डावीकडे लिहायची. ते तिला 'मामे-लोशन' म्हणतात. म्हणजे आईची भाषा; आपली मायबोलीच की! (कोकणातले आपले बेने इस्रायल यात येत नाहीत, त्यांची मायबोली मराठीच. आईला फोनवर हे दोनदा समजावून सांगावं लागलं.)

तर शेजाऱ्यांच्या भाषेतलं काही वाचावं, निदान इंग्रजीतून, म्हणून ज्यूइश पब्लिक लायब्ररीत गेले. हे ग्रंथालय 1914 सालचं. या शहरात फ्रेंच आणि इंग्रजीखालोखाल यिडिशच ऐकू यायची, त्या काळातलं. तिथे हावा रोझेनफार्ब या यिडिश लेखिकेचं नाव मला पहिल्यांदा दिसलं.

हावा 1923 साली पोलंडमधल्या वूच शहरात जन्मली. इंग्रजी स्पेलिंग बघून तुम्ही लॉड्झ म्हणाल, मीही म्हणत होते. कापडगिरण्यांचं गाव, पोलंडचं मँचेस्टर. मी इचलकरंजीची, त्यामुळे हे वाचून कान टवकारले. मागांच्या खडखडाटात वाढलेल्या माणसाला असं गाव परकं वाटत नाही. हावाचे वडील मात्र हॉटेलात वेटर होते. घर समाजवादी विचारांचं, देवधर्माशी फारसं देणंघेणं नाही, पोरगी यिडिश माध्यमाच्या शाळेत.

1940 साली नाझींनी वूचमधल्या ज्यूंना एका कोपऱ्यात कोंडून भोवती कुंपण घातलं. हाच वूचचा घेट्टो. दीड लाखाहून जास्त माणसं. सतरा वर्षांची हावा तिथे कविता लिहायची. शायेविच नावाच्या थोर कवीने तिचं लिखाण वाचून तिला हाताशी धरलं. तो या युद्धातून वाचला नाही.

ऑगस्ट 1944 मध्ये तिला आउश्वित्झच्या मृत्युछावणीत नेलं आणि उतरल्या उतरल्या कवितांचं बाड हिसकावून घेतलं. पुढची रवानगी हॅम्बुर्गजवळच्या झाझेल छावणीत, वेठबिगारीला. तिथे तिला पेन्सिलीचा एक तुकडा मिळाला. कागद कुठला? ही बाई सर्वांत वरच्या फळीवर झोपायची, तर आडवी पडून डोक्यावरच्या छतावर हरवलेल्या कविता आठवून आठवून लिहायची आणि पाठ करून टाकायची. हे वाचताना मी उताणी झोपून हात वर करून बघितला. दोन मिनिटांत खांदा भरून येतो.

शेवटी बेर्गेन-बेल्सेनची छावणी, टायफसचा ताप, आणि एप्रिल 1945 मध्ये सुटका. ती जगली. 1947 मध्ये पहिला कवितासंग्रह आला, 1950 मध्ये नवऱ्याबरोबर ती मॉन्ट्रियलला आली. नवरा म्हणजे हेन्री मॉर्गेंटालर, कॅनडात गर्भपाताच्या हक्कासाठी पुढे कोर्टकचेऱ्या केलेला, तुरुंगात गेलेला डॉक्टर. ऑफिसात चौकशी केली तर तो सगळ्यांना माहीत. ती एकालाही नाही.

कवितेत हे सगळं मावेना, तेव्हा ती गद्याकडे वळली. संसार, दोन मुलं सांभाळून लिहिलेली 'डेर बोइम फून लेबन', म्हणजे जीवनवृक्ष, ही तीन खंडांची कादंबरी 1972 मध्ये प्रसिद्ध झाली. वूचच्या घेट्टोतली दहा माणसं. मला तिचं कौतुक वाटतं ते एवढ्यासाठी की ही माणसं मरायला रांगेत उभी केलेली नाहीत. ती भांडतात, पक्षाच्या बैठका घेतात, प्रेमात पडतात, ब्रेडचा तुकडा चोरतात. नाझींनी नेमलेला घेट्टोचा ज्यू मुखत्यार रुमकोव्स्की खऱ्या नावानिशी येतो, आणि त्यालाही तिने सरळसोट राक्षस केलेलं नाही. 1979 मध्ये तिला यिडिशमधला मानाचा मांगेर पुरस्कार मिळाला.

मी ग्रंथालयातल्या आजींना भाबडेपणाने म्हटलं, "बरं झालं, आमच्या गल्लीत तिचे एवढे वाचक आहेत." आजी खो खो हसल्या. ती मंडळी हसिदी, म्हणजे ज्यूंमधल्या एका कर्मठ पंथाची. अशा धर्म बाजूला ठेवून लिहिलेल्या कादंबऱ्या त्यांच्या घरात यायच्या नाहीत. आणि ज्यांनी वाचल्या असत्या, ते वूचमध्ये, वॉर्सामध्ये, विल्नामध्ये मारले गेले. म्हणजे दोन गल्ल्यांपलीकडे भाषा धडधाकट, पोरंबाळं ती बोलतायत, आणि लेखिकेला वाचक नाही. हा एकटेपणा तिने स्वतःही लिहून ठेवलाय. तरी कादंबरी लिहिली ती यिडिशमध्येच. इंग्रजीत आणताना मुलगी गोल्डी बरोबर बसायची. ती इंग्रजी साहित्याची प्राध्यापक, डिकन्सची अभ्यासक.

आजींनी मूळ यिडिशचा तिसरा खंड हातात दिला. मी सवयीने डावीकडून उघडला, म्हणजे यिडिशच्या हिशेबाने मागून. पानं उलटत गेले तर मधेच काही कोरी. वाटलं, छपाईत राहून गेलं असेल. आजींनी मान हलवली. गाडी आउश्वित्झला पोचते, तिथे तिने शब्द थांबवलेत.

त्या अख्ख्या पुस्तकात मला तेवढीच पानं वाचता आली.