‘एफ१ दाबा’ या ओळीशी अडलेला संगणक

बराच काळ वापराविना ठेवलेला माझा जुना डेस्कटॉप पुन्हा सुरू करण्यामागे हेतू एकच होता, तो म्हणजे त्याच्या हार्ड डिस्कमधील छायाचित्रे आणि कागदपत्रे काढून घेणे. बटण दाबताच पंखा फिरू लागला, पडदा उजळला आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘सीमॉस चेकसम एरर, डिफॉल्ट्स लोडेड’ असा संदेश येऊन त्याखाली पुढे जाण्यासाठी एफ१ आणि सेटिंगमध्ये जाण्यासाठी डिलीट दाबण्याची सूचना दिसली. जतन केलेली सेटिंग बिघडली असून मूळ सेटिंग लागू केली आहे, असा त्या संदेशाचा अर्थ. मी एफ१ दाबले, डिलीट दाबले, एंटरही दाबून पाहिले. पडद्यावर काहीच हलले नाही. संगणक चालू होता, परंतु ज्या एका कळीसाठी तो थांबला होता ती त्याच्यापर्यंत पोहोचत नव्हती.

अशा वेळी कीबोर्ड खराब झाला असे समजून नवा आणण्याकडे आपला कल असतो. मला मात्र आधी हे ठरवावेसे वाटले की कीबोर्ड नेमका कोणत्या टप्प्यावर बंद आहे. विंडोज किंवा लिनक्स सुरू झाल्यावर कीबोर्डशी बोलण्याचे काम त्या प्रणालीचे स्वतःचे ड्रायव्हर, म्हणजे उपकरणे चालवणारे छोटे प्रोग्राम, करतात. त्याआधीच्या काही क्षणांत ते काम मदरबोर्डवरील, म्हणजे संगणकाच्या मुख्य सर्किट बोर्डवरील, बायोस करत असतो. संगणक सुरू होताच सर्वांत आधी चालणारा हा प्रोग्राम. विंडोजमध्ये उत्तम चालणारा कीबोर्ड बायोसच्या पडद्यावर निर्जीव असू शकतो, आणि तसे झाले तर दोष कीबोर्डमध्ये किंवा वायरमध्ये नसून त्या क्षणी ऐकणाऱ्याकडे असतो. माझा संगणक बाजूला ठेवला तेव्हा हाच कीबोर्ड त्यावर व्यवस्थित चालत होता, ही गोष्ट मला ठाऊक होती. म्हणून मधल्या काळात काय बदलले, हाच खरा प्रश्न होता.

पहिली चाचणी कॅप्स लॉकची. या कळीचा दिवा कीबोर्ड स्वतःहून लावत नाही, हे अनेकांना माहीत नसते. कळ दाबल्याची वार्ता संगणकाकडे जाते आणि दिवा लावण्याची आज्ञा संगणकाकडून परत येते. त्यामुळे दिवा लागत-विझत असेल, तर दोन्ही बाजूंचा संवाद शाबूत आहे असे खात्रीने म्हणता येते. माझ्याकडे दिवा लागला नाही. तोच कीबोर्ड दुसऱ्या संगणकाला जोडला, तेव्हा दिवाही लागला आणि प्रत्येक कळही चालली. एखादी कळ आत अडकून राहिली असेल तर काही संगणक सुरू होतानाच कीबोर्डची चूक दाखवून थांबतात, म्हणून सगळ्या कळा मोकळ्या वर येतात का तेही पाहून घेतले.

मग पोर्टकडे वळले. समोरच्या बाजूची यूएसबी पोर्ट पेटीतील वेगळ्या वायरने मदरबोर्डला जोडलेली असतात आणि ती वायर सैल होण्याचा संभव असतो. मागची पोर्ट मदरबोर्डवरच बसवलेली असतात, म्हणून कीबोर्ड मागे लावला. एका पोर्टची अनेक पोर्ट करणारा मधला हब काढून टाकला. मागच्या पोर्टमध्येही फरक असतो. यूएसबी ३.० हे मानक २००८ साली आले आणि त्यानंतरच्या काही वर्षांतील अनेक मदरबोर्डवर निळ्या रंगाची ही पोर्ट वेगळ्या चिपवर चालत असत, जी संगणक सुरू होताना बायोसला चालवता येईलच असे नसे. म्हणून अशा संगणकावर कीबोर्ड नेहमी काळ्या पोर्टमध्ये लावून पाहावा. माझ्या बाबतीत यापैकी कशानेही फरक पडला नाही, परंतु त्यामुळे संशयाचे क्षेत्र पुष्कळ आकुंचित झाले.

उरला तो पडद्यावरचा संदेश, आणि खरे उत्तर त्यातच होते. बायोसची सेटिंग व घड्याळ टिकवण्यासाठी मदरबोर्डवर नाण्याच्या आकाराची सीआर२०३२ ही ३ व्होल्टची बॅटरी असते. संगणकाची वायर वीजपुरवठ्याला जोडलेली असेल तर तो बंद असतानाही थोडी वीज मदरबोर्डला मिळत राहते आणि बॅटरीवर फारसा भार येत नाही. वायर काढून ठेवली, की सगळा भार तिच्यावरच पडतो. माझ्या संगणकाची बॅटरी अशीच संपली होती. ती संपताच जतन केलेली सेटिंग पुसली गेली आणि कारखान्यातून आलेली मूळ सेटिंग लागू झाली. या मूळ सेटिंगमध्ये यूएसबी कीबोर्डला बायोसने दाद देण्याची सोय बंद असावी, असा माझा तर्क होता. त्या पिढीच्या काही मदरबोर्डवर ती तशी असे, कारण यूएसबी कीबोर्ड सरसकट रूढ होण्यापूर्वी सुरुवातीच्या टप्प्यावर जुन्या गोल पिनचाच कीबोर्ड गृहीत धरला जाई.

येथे पेच असा होता की सेटिंग बदलण्यासाठी कीबोर्ड हवा आणि कीबोर्ड चालण्यासाठी सेटिंग बदललेली हवी. अशा प्रसंगी मदरबोर्डवरील जंपर, म्हणजे दोन पिना जोडणारी छोटी टोपी, हलवून सेटिंग पुसण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. कोणीतरी चुकीचे सेटिंग करून ठेवले असेल तर तो सल्ला योग्यच आहे. पण जेथे मूळ सेटिंग हीच अडचण आहे, तेथे पुसल्याने तीच अडचण पुन्हा समोर येते. संदेशात मूळ सेटिंग लागू झाल्याचे स्पष्ट लिहिलेले असताना जंपरला हात लावण्यात मला अर्थ दिसला नाही.

मार्ग होता तो संगणकाच्या मागच्या जांभळ्या गोल पोर्टचा. पीएस/२ नावाचे हे पोर्ट आयबीएमने १९८७ साली आणले. पुढे कीबोर्डसाठी जांभळा आणि माउससाठी हिरवा हे रंग रूढ झाले. या पोर्टसाठी बायोसला यूएसबीची कोणतीही सोय चालू करावी लागत नाही, म्हणून सेटिंग पुसलेल्या संगणकावरही असा कीबोर्ड पहिल्या क्षणापासून चालतो. आधी मी यूएसबी कीबोर्डला गोल पिनचे लहान अडॅप्टर लावून पाहिले, पण ते चालले नाही. त्या अडॅप्टरमध्ये कोणतेही सर्किट नसते, केवळ तारा जोडलेल्या असतात. ज्या कीबोर्डच्या आतल्या चिपला दोन्ही भाषा येतात त्याच्यासोबतच ते उपयोगी पडते, आणि नवे कीबोर्ड बहुतेक वेळा फक्त यूएसबीचीच भाषा जाणतात. शेवटी ओळखीच्यांकडून गोल पिनचा जुना कीबोर्ड मागून आणला.

तो लावण्याआधी बॅटरी बदलून घेतली, कारण मृत बॅटरीवर केलेले सेटिंग वायर काढताच पुन्हा पुसले जाणार होते. वीजपुरवठ्याची वायर काढली, आत साठलेली वीज निघून जावी म्हणून चालू करण्याचे बटण काही क्षण दाबून धरले आणि पेटीच्या धातूला हात लावून अंगातील स्थिर विद्युत उतरवली. बाजूची चिमटी हलकेच सरकवली की बॅटरी स्वतःच वर उचलली जाते. टोकदार वस्तूने ती उपसू नये, कारण त्याखालचा पत्रा नाजूक असतो. मल्टिमीटरवर जुन्या बॅटरीचा दाब २ व्होल्टच्याही खाली होता. नवी बॅटरी अधिक चिन्ह वर ठेवून बसवली.

गोल पिनचा कीबोर्ड लावताना संगणक पूर्ण बंद असावा, याविषयी माझा आग्रह आहे. हे पोर्ट चालू संगणकावर काढघाल करण्यासाठी बनवलेले नाही, आणि नंतर लावलेला कीबोर्ड बऱ्याचदा ओळखलाही जात नाही. प्लगमध्ये सहा बारीक पिना आणि एक प्लास्टिकचा तुकडा असतो. तो पोर्टमधील खाचेसमोर आणून प्लग सरळ आत ढकलावा, फिरवून बसवायला गेल्यास पिना वाकतात. संगणक सुरू केला आणि कीबोर्डवरील तिन्ही दिवे एकदा लुकलुकले. ही त्या कीबोर्डची स्वतःची तपासणी असते आणि त्याला वीज मिळत आहे एवढे तरी त्यावरून कळते. दिवे लुकलुकले नसते, तर पोर्टला वीज देणारा मदरबोर्डवरील छोटा फ्यूज तपासावा लागला असता.

डिलीट दाबताच बायोसचा निळा पडदा उघडला. ‘इंटिग्रेटेड पेरिफेरल्स’ या विभागात ‘यूएसबी कीबोर्ड सपोर्ट’ ही ओळ होती आणि तिच्यापुढे ‘डिसेबल्ड’ असे लिहिलेले होते. इतर मदरबोर्डवर याच गोष्टीला ‘लेगसी यूएसबी सपोर्ट’ असे म्हटलेले आढळते. ते ‘एनेबल्ड’ केले, तारीख आणि वेळ दुरुस्त केली, एफ१० दाबून जतन केले आणि बाहेर पडले. तारखेकडे दुर्लक्ष करू नये. संगणकाची तारीख अनेक वर्षे मागे राहिली असेल, तर ब्राउझर सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे नाकारतो आणि मग इंटरनेटच बिघडले आहे असे वाटू लागते.

त्यानंतर संगणक बंद करून पुन्हा यूएसबी कीबोर्ड लावला. या वेळी डिलीट दाबल्यावर बायोस उघडला आणि कळा चालल्या. मात्र यूएसबी कीबोर्ड ओळखला जाण्यास गोल पिनच्या कीबोर्डपेक्षा किंचित अधिक वेळ लागतो, म्हणून कळ एकदाच दाबून धरण्यापेक्षा बटण दाबल्यापासून ती सतत टिचकवत राहणे अधिक भरवशाचे ठरते. ब्लूटूथचे कीबोर्ड या कामासाठी वापरू नयेत. त्यांची जोडणी बहुधा विंडोज सुरू झाल्यानंतरच होते. यूएसबी रिसीव्हरसह येणारे बिनतारी कीबोर्ड मात्र साधारणपणे चालतात.

याच सेटिंगमध्ये ‘हॉल्ट ऑन’ नावाची आणखी एक ओळ असते. तेथे ‘ऑल, बट कीबोर्ड’ निवडल्यास कीबोर्ड सापडला नाही तरी संगणक न थांबता पुढे जातो. कीबोर्डविना चालणाऱ्या संगणकासाठी हे योग्य आहे, पण मी ते बदलले नाही, कारण कीबोर्ड ओळखला गेला नाही हे मला त्याच क्षणी कळायला हवे आहे. ‘फास्ट बूट’ किंवा ‘क्विक बूट’ हा पर्याय मात्र मी बंद ठेवला. काही मदरबोर्डवर तो चालू असला की वेळ वाचवण्यासाठी सुरुवातीची यूएसबी तपासणी गाळली जाते आणि कीबोर्ड पुन्हा विंडोजपर्यंत मुका राहतो.

शेवटी वायर काढून संगणक रात्रभर तसाच ठेवला. सकाळी जोडला तेव्हा तारीख बरोबर होती, चेकसमचा संदेश आला नाही आणि सेटिंगमधील ‘एनेबल्ड’ जागेवर होते. मग पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून हार्ड डिस्कमधील सर्व फायली उतरवून घेतल्या.