ब्रह्मस्थानात विमानतळ

मुंबईतल्या नव्या इमारतीच्या जाहिरातीत ‘वास्तुशास्त्रानुसार रचना’ असं दिसलं की मी आधी मजल्याचा नकाशा शोधते. मजल्यावर चार फ्लॅट, मधे जिना आणि लिफ्ट. एक फ्लॅट आखायचा, तो उलटा करून शेजारी ठेवायचा आणि ती जोडी पुन्हा उलटी करून मागे चिकटवायची, एवढंच ते आरेखन. मग एकाचं स्वयंपाकघर आग्नेयेला आलं की दुसऱ्याचं नैऋत्येला जातं आणि उरलेल्या दोघांच्या वाट्याला ईशान्य नि वायव्य येते. चौघांचंही शास्त्र सांभाळायचं तर सूर्याला चार बाजूंनी उगवावं लागेल. एफएसआय, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येईल त्याचं प्रमाण, वाढवून मिळतो, पण ही सवलत अजून कोणाला मिळालेली नाही.

शास्त्र ऐकायला सुटसुटीत आहे. पाचही महाभूतांना घरात आपापली जागा नेमून दिलेली: पाणी ईशान्येला, अग्नी आग्नेयेला, पृथ्वी म्हणजे जड सामानसुमान नैऋत्येला, वारा वायव्येला आणि मधोमध आकाश. या मधल्या जागेला ब्रह्मस्थान म्हणतात. तिथे खांब नको, भिंत नको, ओझं नको. ८१ पदांच्या, म्हणजे चौकोनांच्या, मांडणीत मधली ९ पदं एकट्या ब्रह्मदेवाची, बाकीचे देव कडेकडेने दाटीवाटीत. या सगळ्यांच्या खाली वास्तुपुरुष पालथा पडलेला, डोकं ईशान्येला, पाय नैऋत्येला. वाड्याचा चौक म्हणजे हेच ब्रह्मस्थान. मुंबईच्या वन बीएचकेत एक नवमांश जागा मोकळी सोडा म्हटलं तर ब्रह्मदेवालाही लोक कार्पेट एरिया विचारतील. आमच्या घरात त्या जागी डायनिंग टेबल आहे आणि त्यावर इस्त्रीला द्यायचे कपडे असतात.

आमच्या समोरच्या काकूंचं स्वयंपाकघर नैऋत्येला, आमचं आग्नेयेला. यात आमचं कर्तृत्व काहीच नाही, आम्हाला लिफ्टच्या या बाजूचं दार मिळालं इतकंच. पण काकूंच्या गुडघ्यांपासून मुलाच्या लांबलेल्या लग्नापर्यंत सगळ्याचा ठपका त्या ओट्यावर आला, तेव्हा त्यांनी एक वास्तुसल्लागार बोलावले. मी शेजारधर्म म्हणून हजर होते. सल्लागारांनी मोबाइलमधलं होकायंत्र उघडलं. ते लिफ्टजवळ एक दिशा दाखवत होतं आणि बाल्कनीत दुसरीच. भिंतीभिंतीत लोखंडी सळया असलेल्या इमारतीत त्या सुईने तरी काय करावं?

“ओटा हलवावा लागेल का हो?” काकूंनी धसकून विचारलं.

“ओटा नको मॅडम, शेगडी हलवा. स्वयंपाकघराला स्वतःची आग्नेय असतेच की.”

म्हणजे दिशांच्या पोटात दिशा. गॅसची पाइपलाइन भिंतीतून जिथे बाहेर आलीय तिथून नळी जेमतेम हातभर सरकते, तेवढी ती सरकवली. काका इतका वेळ पेपर वाचत होते. ते म्हणाले, “आता या शेगडीतला आग्नेयेचा बर्नर कुठला तेही सांगून टाका, दूध त्याच्यावरच ठेवत जाऊ.” सल्लागार हसले नाहीत. त्यांनी संडासात वाटीभर खडेमीठ ठेवायला सांगितलं. संडास हलवणं शक्यच नव्हतं, कारण आमच्या सोसायटीत तसं केलं तर तो खालच्यांच्या देवघरावर जातो.

हसण्यावारी नेण्यासारखं यात पुष्कळ आहे, तरी सगळंच नाही. नैऋत्येचंच घ्या. ती बाजू जड ठेवा, भिंत भक्कम ठेवा, खिडक्या कमी ठेवा, असं शास्त्र सांगतं. आपल्याकडचा पाऊस येतो कुठून? शाळेत पाठ केलेले नैऋत्य मोसमी वारे जूनपासून नेमके त्याच कोपऱ्यावर आदळतात. कोकणात पावसाळ्याआधी पडवीला नारळाच्या झापांचा आडोसा बांधतात तो या झडीसाठीच. तेव्हा जाड भिंतीचा सल्ला ज्याने कोणी दिला त्याने चार पावसाळे नीट पाहिले असणार. पंचाईत अशी की आमच्या इमारतीची बाहेरची भिंत पातळ आहे आणि सल्ला मात्र जाड भिंतीचाच चालू आहे. नैऋत्येला जड कपाट ठेवायचं म्हणून आम्ही ते ठेवलं. ऑगस्टपर्यंत त्याच्या पाठीवर हिरवट बुरशी धरते, आतल्या रेशमी साड्यांना डांबरगोळ्या आणि ओल यांचा मिळून एक वास येतो. पृथ्वीत पाणी मुरतं, त्याला कुठल्याच वाटीतलं मीठ पुरत नाही.

मुंबईचा खरा पेच पश्चिमेचा आहे. समुद्र तिकडे, वारा तिकडून, देखावा तिकडचा, पण दुपारचं ऊन आणि पावसाची झडही तिकडूनच. जुन्या बंगल्यांनी चारी बाजूंनी व्हरांडा फिरवून हा प्रश्न सोडवला होता. चार्ल्स कोरिया यांनी १९८३ साली पूर्ण झालेल्या कंबाला हिलवरच्या कांचनजंगा इमारतीत तोच व्हरांडा २८ मजली मनोऱ्यात नेला. फ्लॅटच्या कोपऱ्यात दोन मजले उंचीची बाग, तिच्यामागे ऊनपावसापासून आत सरकलेल्या खोल्या. रस्त्यावरून पाहिलं तर इमारतीचे कोपरे कोणी करवतीने कापून नेल्याचं वाटतं. तिथे राहणाऱ्यांना ते कापलेले कोपरे परवडतात. बाकीच्या मुंबईत बाल्कनीसुद्धा हॉलमध्ये ओढून घेतात आणि वर सरकत्या काचा बसवतात. सरकती खिडकी कितीही उघडली तरी अर्धीच उघडते. वाऱ्याला अर्ध्या तिकिटावर आत घ्यायची ही पद्धत कोणी काढली कोण जाणे, मला तरी ती मिठाच्या वाटीपेक्षा जास्त अशास्त्रीय वाटते.

आकाशाची गोष्ट वेगळी. आमच्या वाट्याचं आकाश आहे डक्टमध्ये. न्हाणीघराची झडपवजा खिडकी उघडली की ते दिसतं: वर वहीच्या पानाएवढं निळं, खाली सगळ्यांचे पाइप, मधे कबुतरं. पंचमहाभूतांच्या हिशोबात आकाशाचा गुण शब्द. वाऱ्याला शब्द आणि स्पर्श, अग्नीला त्यात रूप, पाण्याला रस, पृथ्वीला गंधासकट पाचही. आमच्या डक्टमधलं आकाश या बाबतीत अगदी शास्त्रोक्त आहे. दुसऱ्या मजल्यावरचं भांडण पाचव्याला शब्दन् शब्द पोचतं. फोडणीचा गंधही येतो, पण तो तेवढा नियमबाह्य.

आयुर्वेदात हीच पाच मंडळी ताटात येऊन बसतात. वायू आणि आकाश मिळून वात, अग्नीचं पित्त, पृथ्वी आणि पाण्याचा कफ. प्रत्येक चवीतही दोन दोन भूतं वाटून दिली आहेत. गोडात पृथ्वी आणि पाणी, म्हणून श्रीखंडानंतर जमिनीला पाठ टेकावीशी वाटते. तिखटात वायू आणि अग्नी. आणि कडूमध्ये, मला हे फार आवडतं, वायू आणि आकाश. याचा अर्थ मुंबईत मोकळं आकाश आणि वारा हवा असेल तर पार्ल्याच्या बाजारात ते पाव किलोच्या भावाने मिळतं, फक्त त्याला कारलं म्हणतात. पावसाळ्यात वात वाढतो आणि पोटातला अग्नी मंदावतो, तेव्हा हलकं खावं, पाणी उकळून प्यावं, सुंठ वापरावी, असं ऋतुचर्या सांगते. नेमक्या त्याच दिवसांत आपल्याला कांदाभजी आठवतात. इथे मी शास्त्राची बाजू घेणार नाही.

हे सगळं घरापुरतं झालं. बृहन्मुंबईचा नकाशा समोर होता आणि बाहेर पडायला पाऊस देत नव्हता, अशा एका दुपारी आठ दिशा आणि मध्य अशी नऊ घरांची चौकट मी अख्ख्या शहरावर ठेवून पाहिली. प्लॉट म्हणून मुंबई नापासच व्हायची. दक्षिणेकडे निमुळती, बाजू वेड्यावाकड्या, तीन अंगांना पाणी. कुठलाही सल्लागार लांबूनच नमस्कार करेल. तरी म्हटलं, तत्त्वं कुठे बसतात ते तर बघू.

ईशान्येला काय? विहार, तुळशी, पवई, तिन्ही तलाव ओळीने. विहारचं पाणी १८६० साली शहरात आलं, मुंबईचा पहिला मोठा पाणीपुरवठा तो. पुढे १८९२ मध्ये तानसा, मग वैतरणा, भातसा. शहापूरकडचं ते सगळं पाणी येतं त्याच अंगाने आणि भांडुपला शुद्ध होऊन पुढे जातं. म्हणजे शहराची पाण्याची जागा पुस्तकात सांगितली तिथेच. मला जरा उत्साह आला.

आग्नेयेला तुर्भे. मुंबईचं तुर्भे, ज्याला ट्रॉम्बे म्हणतात ते. औष्णिक वीजकेंद्र तिथे, माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या ज्वाळा शेजारी आणि १९५६ साली आशियातली पहिली अणुभट्टी ‘अप्सरा’ सुरू झाली तीही तिथेच. याहून मोठी शेगडी आग्नेयेला कोण मांडणार? नैऋत्येच्या अंगाला मलबार हिल, उंच आणि जड. पाण्याची वरची टाकी नैऋत्येला असावी असं सल्लागार सांगतात, तर हँगिंग गार्डनच्या हिरवळीखाली दक्षिण मुंबईची टाकीच आहे. आपण बागेत फिरतो ते टाकीच्या झाकणावर. वास्तुपुरुषाचे पाय इथे येतात, डोकं भांडुपकडे. जागेचा भाव मात्र पायांकडे जास्त.

वायव्येला मनोरी आणि गोराई. उन्हाळ्यात दुपारी समुद्रावरून येणारा वारा बहुतेक त्याच बाजूचा. आणि गोराईला २००९ साली उभा राहिलेला विपश्यनेचा पॅगोडा आहे. त्या घुमटाखाली आत एकही खांब नाही आणि माणसं डोळे मिटून बसतात ती फक्त येणारा-जाणारा श्वास बघत. वायव्येला वायू, हे मी ठरवून केलं असतं तरी इतकं जुळलं नसतं.

उरलं ब्रह्मस्थान. दक्षिणेला कुलाबा, उत्तरेला दहिसर, आणि मधोमध येतो सांताक्रूझ-अंधेरीचा विमानतळ. शहराच्या ऐन मध्यावरची बांधकाम नसलेली विस्तीर्ण सपाट जागा. तिथे खांब नाही, भिंत नाही, आणि आजूबाजूलाही उंच बांधू नये हा नियम इथे सल्लागार सांगत नाहीत, सरकार पाळायला लावतं. आकाशाचा शब्दगुण तर आम्ही पार्लेकर दिवसरात्र अनुभवतो. डोक्यावरून विमान गेलं की फोनवरचा माणूस थांबतो आणि आपणही.

इतकं जमल्यावर खोट सापडणारच. जिथे देवघर असावं म्हणतात त्या ईशान्येलाच कांजूरमार्गची कचराभूमी आहे आणि मुलुंडची २०१८ पर्यंत चालू होती. घरात कोणी तिथे केरसुणीही ठेवू देणार नाही. आणि विहार-पवईचं ओसंडलेलं पाणी घेऊन मिठी नदी निघते ती थेट विमानतळाच्या धावपट्टीखालून, माहीमच्या खाडीकडे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. कुलाब्याला त्याच दिवशी ७३. आकाश आणि पाणी ब्रह्मस्थानात एकत्र आले, नदीला अंग पसरायला जागा उरली नव्हती आणि शेकडो माणसं गेली. तिची जागा गेली होती भरावात. आकाशातून वायू, त्यातून अग्नी, अग्नीतून पाणी आणि पाण्यातून पृथ्वी, असा सृष्टीचा क्रम तैत्तिरीय उपनिषदात येतो. शेवटची पायरी मुंबईने फार मनावर घेतली. सात बेटांमधलं पाणी बुजवून पृथ्वी केली, मग बॅक बे, मग नरिमन पॉइंट, परवापरवा सागरी किनारा रस्ता. पाणी दर पावसाळ्यात उलटा क्रम लावून बघतं.

हा नकाशा मी काकूंना दाखवला. त्यांनी चष्मा लावून बारकाईने पाहिला आणि विचारलं, “आपली बिल्डिंग यात कुठेय गं?” ब्रह्मस्थानाच्या काठावर, मी म्हटलं. “म्हणूनच!” काकू म्हणाल्या. त्यांचा रोख पुनर्विकासाकडे होता. विमानांच्या फनेल झोनमुळे, म्हणजे त्यांच्या चढण्या-उतरण्याच्या वाटेखाली असल्यामुळे, आमच्याकडे मजले फारसे वाढत नाहीत. मजले नाहीत म्हणून बिल्डरला रस नाही, असं बरीच वर्षं चाललं होतं. आता एकाने तयारी दाखवली आहे आणि त्याचा नकाशा आला आहे. मजल्यावर चार फ्लॅट, मधे जिना आणि लिफ्ट.

गेल्या सभेत यावरून रणधुमाळी झाली. कोणाला कुठला फ्लॅट हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं की आत्ताची दिशा ज्याची त्याला ठेवायची? दिशा कायम ठेवल्या तर काकूंचा ओटा पुन्हा नैऋत्येला जातो. चिठ्ठ्या टाकल्या तर आमचाही जाऊ शकतो. मी चिठ्ठ्यांच्या विरोधात मत दिलं आणि काकू माझ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. काकांनी तोडगा सुचवला की नकाशा पक्का व्हायच्या आधीच सल्लागारांना दाखवून घ्यावा. सल्लागारांनी अख्ख्या सोसायटीचा मिळून सवलतीचा दर लगोलग ग्रुपवर पाठवला. सेक्रेटरींनी त्याखाली लिहिलं की नियमाप्रमाणे तीन कोटेशनं आल्याशिवाय हा विषय अजेंड्यावर घेता येणार नाही, तरी सभासदांनी आपल्या ओळखीतले आणखी दोन सल्लागार कळवावेत.