अमेरिकेतल्या उपनगरी रेसकोर्सचा हिशेब

अमेरिकेतली बरीच रेसकोर्स आज उपनगरांच्या मधोमध दिसतात, पण बांधली तेव्हा आजूबाजूला शेतं होती. एक मैलाचा (1,609 मीटर) ट्रॅक, स्टँड, पार्किंग आणि हजारभर घोड्यांच्या पागा यांना दोन-तीनशे एकर सपाट जागा लागते, आणि ती शहराबाहेरच परवडायची. शिकागोजवळचं आर्लिंग्टन पार्क 1927 चं. खरी लाट आली मंदीत, कारण राज्यांच्या तिजोऱ्यांत खडखडाट होता. कॅलिफोर्नियाने 1933 मध्ये पॅरिम्युच्युअल बेटिंगला (सगळ्या पैजांचे पैसे एका पूलमध्ये गोळा करायचे, ठरलेली कपात काढायची आणि उरलेले जिंकणाऱ्यांत वाटायचे) परवानगी दिली आणि 1934 मध्येच सॅन मटेओत बे मेडोज, आर्केडियात सांता अनिता उभं राहिलं. इंगलवुडचं हॉलिवूड पार्क 1938 चं.

सरकारला ही पद्धत का आवडली ते आकड्यांत बघा. विनच्या, म्हणजे पहिला येणाऱ्या घोड्यावरच्या पैजांच्या, पूलमध्ये 10,000 डॉलर जमले आणि कपात 17 टक्के धरली, तर वाटायला उरतात 8,300. जिंकलेल्या घोड्यावर 2,000 लागले असतील तर डॉलरमागे 4.15 निघतात. पण हिशेब दहा सेंटला खाली उतरवतात, म्हणजे 4.10, दोन डॉलरच्या तिकिटाला 8.20. वरचे पाच-पाच सेंटही पंटरला, म्हणजे पैज लावणाऱ्याला, मिळत नाहीत! घोडा कुठलाही जिंको, कपात ठरलेली, आणि सरकारचा कर त्यातूनच. बुकीसारखं बुडायची भीतीच नाही.

मातीचा ट्रॅक सांभाळणं मात्र कटकटीचं. खाली दाबून घट्ट केलेला थर, वर तीन-चार इंच भुसभुशीत माती. दोन शर्यतींच्या मध्ये हॅरो (माती भुसभुशीत करणारं दातेरी अवजार) फिरवून पाणी मारतात. हॅरोचे दात कमी-जास्त खोल गेले की कुठे माती खोल, कुठे उथळ होते, आणि भरधाव घोड्याचा पाय तिथेच दगा देतो. पावसाआधी उलट करतात: पृष्ठभाग दाबून बंद करायचा, म्हणजे पाणी आत न मुरता उतारावरून आतल्या रेलिंगकडे वाहून जातं. म्हणूनच पावसानंतर कधी कधी रेलिंगलगतची लेन जड होते आणि जॉकी बाहेरून घोडा काढतात.

लाँग आयलंडच्या रूझवेल्ट रेसवेने 1940 पासून गाडीला जुंपलेल्या घोड्यांच्या शर्यती रात्री दिव्यांखाली भरवल्या. नोकरदारांना कामावरून सुटून येता यायचं. अडचण स्टार्टची होती, कारण हे घोडे चालत्या चालीतच सुटतात आणि ओळ बिघडली की पुन्हा मागे फिरायचं. 1946 मध्ये मोटारीवर पंखांसारखे आडवे दांडे बसवलेलं फिरतं गेट आलं. घोडे त्यामागे एका रेषेत धावतात, वेग जुळला की दांडे मिटून मोटार पुढे निघून जाते. हार्नेस रेसिंग, म्हणजे या गाडीच्या शर्यती, वाचलं ते यामुळे, असं माझं मत.

न्यू जर्सीचं गार्डन स्टेट पार्क 1942 मध्ये, युद्धातल्या पोलादटंचाईमुळे बरंचसं लाकडात बांधलं. 1977 मध्ये त्याचं स्टँड जळलं. 1985 मध्ये ते पुन्हा उघडलं, पण तोवर रेसकोर्सची जुगारातली मक्तेदारी संपली होती: 1964 मध्ये न्यू हॅम्पशायरची लॉटरी, 1971 मध्ये न्यूयॉर्क शहरातली ट्रॅकबाहेरची बेटिंग केंद्रं, 1978 मध्ये अटलांटिक सिटीचा कॅसिनो. शिवाय कुंपणाला घरं भिडलेली. एका घोड्याची लीद-मूत्र रोज वीस किलोच्या वर, त्यात पेंढा वेगळा. हजार घोड्यांचा ढीग शेजाऱ्यांना किती दिवस चालणार?

रूझवेल्ट 1988 मध्ये बंद झालं, गार्डन स्टेट 2001, बे मेडोज 2008, हॉलिवूड पार्क 2013, आर्लिंग्टन 2021. आर्लिंग्टनची 326 एकर जागा शिकागो बेअर्स या फुटबॉल संघाने 2023 मध्ये 19.72 कोटी डॉलरला घेतली. एकरी सहा लाख डॉलर पडले. तिकिटामागच्या 17 टक्क्यांतून सरकारचा कर आणि घोडेमालकांची बक्षिसं वजा करून हा भाव गाठणं कुठल्याच ट्रॅकला जमणारं नव्हतं.