पाच जणांचे एक शिल्प : अकराव्या आठवड्यापर्यंतची नोंद

शिल्पकलेच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या आम्ही पाच जणांनी मिळून एक समूहशिल्प करायचे आणि त्याच्याभोवती प्रत्येकाच्या स्वतंत्र कामांचे प्रदर्शन मांडायचे, असे ठरवले त्याला आज अकरा आठवडे पूर्ण झाले. प्रदर्शन बारा दिवसांवर आले आहे. पाचही आकृत्या प्लास्टरमध्ये ओतून झाल्या आहेत, दोन आकृत्यांचे रंगकाम बाकी आहे आणि दालनातली मांडणी कालच नक्की झाली. मातीकामात, साच्यांत आणि मांडणीत आम्ही कोठे अडलो आणि त्यातून कसे बाहेर पडलो, हे अशाच कामाला हात घालणाऱ्यांच्या उपयोगी पडेल, म्हणून ते क्रमाने लिहून ठेवत आहे.

शिल्पाचे नाव 'वाट'. पाच माणसे कोणाची तरी वाट पाहत उभी आहेत. एका बाईने मूल कडेवर घेतले आहे, एक म्हातारा काठीवर भार टाकून उभा आहे, एका तरुणाने हाताची घडी घातली आहे, एक मुलगी टाचा उंचावून लांबवर पाहते आहे आणि पाचवा माणूस, जो माझ्या वाट्याला आला, तो सगळ्यांकडे पाठ करून उभा आहे.

पहिला ते तिसरा आठवडा

सुरुवातीला आम्ही दोनच मापे ठरवली होती. डोक्याची उंची 9 सेंमी आणि उभ्या माणसाची उंची साडेसात डोकी, म्हणजे 67.5 सेंमी. एवढे सांभाळले की बाकीचे आपोआप जुळेल, असे आम्हाला मनापासून वाटत होते. प्रत्येकाने आपापल्या टर्नटेबलवर, म्हणजे फिरत्या पाटावर, आपापली आकृती उभी केली आणि तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी पाचही आकृत्या एका फळीवर शेजारी शेजारी ठेवल्या.

कॅलिपरने मोजले तर मापे बरोबर होती, तरीही ती पाच माणसे एका शिल्पातली वाटत नव्हती. हाताळणीत फरक होताच. कोणी मातीचे गोळे अंगठ्याने दाबून तसेच ठेवले होते, तर कोणी तारेच्या हत्याराने पृष्ठभाग तासून गुळगुळीत केला होता. परंतु खरी अडचण ती नव्हती. प्रत्येकाने आपली आकृती एका समोरच्या बाजूने पाहिली होती, त्यामुळे पाचही जण छायाचित्राला उभे राहिल्यासारखे आमच्याकडे तोंड करून उभे होते. त्यांच्यामधली अंतरे मोजली तेव्हा ती जवळजवळ सारखी, 14 सेंमीच्या आसपास भरली. कुंपणाच्या खांबांमध्ये असते तशी ती जागा होती. आकृतीला करणारा होता, पण दोन आकृत्यांमधल्या जागेला कोणीच वाली नव्हता.

त्या आठवड्यात आम्ही फ्रेंच शिल्पकार ओग्यूस्त रोदँच्या 'कॅलेचे नागरिक' या समूहशिल्पाची सर्व बाजूंनी घेतलेली छायाचित्रे समोर ठेवून बसलो. 1347 मध्ये वेढ्यात सापडलेले फ्रान्समधले कॅले शहर वाचावे म्हणून शत्रूच्या स्वाधीन व्हायला निघालेले सहा नागरिक हा त्याचा विषय आहे. रोदँनेही सहा आकृत्या वेगवेगळ्या घडवल्या, आधी नग्न आणि मग वस्त्रांसह, आणि त्यानंतर त्या एकत्र आणल्या. म्हणजे वेगवेगळे काम करण्यात चूक नव्हती. चूक होती ती एकत्र आणण्याला आम्ही शेवटच्या दिवसाचे काम समजलो यात. त्या शिल्पाला समोरची अशी एक बाजू नाही. कोणत्याही दोन आकृत्यांमधली फट दुसऱ्या फटीसारखी नाही आणि फिरत गेले की एका खांद्याआडून दुसरा हात उलगडत जातो.

चौथा आणि पाचवा आठवडा

आम्ही पद्धत बदलली. सर्व आकृत्या एकाच मोठ्या पाटावर आणल्या आणि आकृत्यांऐवजी जागा वाटून घेतल्या. शेजारी शेजारी असलेल्या दोन आकृत्यांमधली जागा ही त्या दोन्ही विद्यार्थ्यांची संयुक्त जबाबदारी ठरली. आठवड्यातले दोन दिवस स्वतःच्या आकृतीला हात लावायचा नाही, फक्त शेजारच्या आकृतीच्या आपल्याकडच्या बाजूवर काम करायचे, असा नियम केला.

हा नियम कागदावर सोपा आणि हातात घेतला की फार जड आहे. म्हाताऱ्याचा डावा खांदा त्याच्या शेजारच्या सहकारिणीने वर उचलला, तेव्हा ज्याची ती आकृती होती तो बराच वेळ काही न बोलता पाहत राहिला आणि मग म्हणाला, "अगं, खांदा वर गेला, पण मान गेली ना त्याची." त्याचे म्हणणे खरे होते आणि तिचेही खरे होते, कारण खांदा वर गेल्यामुळेच त्याच्यामागची मुलगी पहिल्यांदा त्याच्या आडून डोकावते आहे असे वाटू लागले होते. शेवटी मान पुढे झुकवून दोन्ही साधले. त्यानंतर आम्ही नियमात एक भर घातली, माती चढवायला परवानगी लागणार नाही, पण माती काढायची असेल तर ज्याची आकृती आहे त्याला बोलावल्याशिवाय तार लावायची नाही. या एका वाक्याने आमचे निम्मे वाद मिटले, असे मी ठामपणे सांगू शकते.

अनेक हातांनी केलेल्या कामात एकच दृष्टी दिसू शकते का, या शंकेने आम्ही त्या दिवसांत अस्वस्थ होतो. अशा वेळी रोममध्ये 1506 साली सापडलेले 'लाओकून' हे प्राचीन समूहशिल्प आठवणे आम्हाला धीर देणारे ठरले. प्राचीन रोमन लेखक प्लिनीने ते ग्रीक बेट ऱ्होड्सच्या तीन शिल्पकारांनी केल्याचे नोंदवले आहे आणि ते एकाच दगडातले असल्याचेही म्हटले आहे. प्रत्यक्षात ते अनेक तुकडे जोडून केलेले आहे. सांधे इतके बेमालूम असावेत की पाहणाऱ्याने ते एकसंध समजावे, हे ध्येय आम्ही तेथून घेतले.

पाचव्या आठवड्यात माझी आकृती खचली. सकाळी ओले फडके काढले तर गळ्याच्या हाडाखाली नखाएवढी रुंद, आडवी भेग होती आणि संपूर्ण छाती बोटभर खाली उतरली होती. कारण साधे होते. आर्मेचरचा, म्हणजे मातीला आतून आधार देणाऱ्या सांगाड्याचा, गज सरळ होता आणि छातीच्या भागात मातीला धरून ठेवेल असे त्यावर काहीच नव्हते. लाकडाचे दोन छोटे तुकडे फुलीसारखे तारेने बांधून आर्मेचरवर लोंबते ठेवतात, ते बांधायचा मी कंटाळा केला होता. छाती पोटापर्यंत उकरून चार फुल्या बांधल्या आणि नव्याने माती चढवली. तीन दिवस गेले, पण दुसऱ्यांदा केलेली पाठ पहिल्यापेक्षा चांगली झाली आहे.

सहावा ते नववा आठवडा

प्रत्येक आकृतीची एकच प्रत हवी असल्यामुळे आम्ही फोडून काढायचा साचा केला, ज्याला आपण सगळे वेस्ट मोल्ड म्हणतो. त्यात खोलगट, अडकणाऱ्या जागांची चिंता राहत नाही, कारण साचा सोडवायचा नसतो, फोडायचाच असतो. अपवाद एकच होता. कडेवरचे मूल आणि आईची छाती यांच्यामधली फट इतकी अरुंद होती की तेथून माती उकरून काढणेही शक्य नव्हते. म्हणून मूल तारेने कापून वेगळे केले आणि त्याचा स्वतंत्र साचा घेतला.

आकृतीच्या दोन्ही कडांवरून पितळी पत्र्याच्या पट्ट्या खोचून पुढचा व मागचा भाग वेगळा केला. पहिला थर 5 ते 6 मिलिमीटरचा आणि त्यात कपड्यांची नीळ घातलेली. त्यावर पातळ मातीचा हात फिरवून मग पांढऱ्या प्लास्टरचा जाड थर, तागाच्या धाग्यांसह. हा निळा थर म्हणजे पुढे फोडताना मिळणारी धोक्याची सूचना असते, त्यामुळे तो सगळीकडे सारख्या जाडीचा पडला पाहिजे. आम्ही तो बोटांनी शिंतोडे मारत चढवला, कारण ब्रशने चढवल्यास नाकपुडी आणि ओठांच्या कोपऱ्यांत बुडबुडे राहतात.

प्लास्टरविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण आमचे सर्वाधिक नुकसान येथेच झाले. जिप्सम सुमारे 150 अंश सेल्सिअसला तापवले की त्यातले तीन चतुर्थांश पाणी निघून जाते आणि प्लास्टरची पूड तयार होते. आपण पाणी घातले की ते पाणी परत घेऊन त्याचे स्फटिक बनू लागतात, म्हणून ते गरम होते आणि किंचित फुगते. हे किंचित फुगणेच बारीक तपशील साच्यात नेऊन बसवते. आता जुन्या, घट्ट झालेल्या प्लास्टरचे कण नव्या मिश्रणात गेले तर ते बियाण्यासारखे काम करतात आणि सगळे मिश्रण वेळेआधी आवळते. तरुणाच्या आकृतीच्या वेळी आम्ही घाईत न धुतलेली बादली वापरली. एरवी हातात पुरेसा वेळ देणारे मिश्रण, अर्धा चेहराही झाकला गेला नव्हता तोच दह्यासारखे जमले. तो थर खरवडून काढताना भुवईची माती निघाली आणि ती पुन्हा करावी लागली. त्या दिवसापासून प्रत्येक घाण्याला धुतलेली बादली आणि स्वच्छ पाणी, हे काम एकाच व्यक्तीकडे सोपवले आहे. पूड पाण्यात चाळायची, पाण्यावर कोरडी बेटे दिसू लागली की थांबायचे, दोन मिनिटे भिजू द्यायचे आणि मग हात तळाशी ठेवून हळूहळू ढवळायचे.

साचे उघडून माती काढली, धुतले, आतून मऊ साबणाचे तीन हात दिले आणि ओतण्यापूर्वी साचे पाण्याने पूर्ण भिजवले, कारण कोरडा साचा ताज्या प्लास्टरमधले पाणी शोषून घेतो आणि पृष्ठभाग भुसभुशीत राहतो. आकृत्या पोकळ ठेवल्या, भिंतीची जाडी दीड सेंमी. आतल्या लोखंडी गजांना आधी शेलॅक, म्हणजे लाखेचे रोगण, लावले, नाहीतर गंजाचे डाग काही महिन्यांत बाहेर उमटतात.

फोडण्याचा दिवस आमच्यापैकी कोणीही विसरणार नाही. बोथट छिन्नी पृष्ठभागाला काटकोनात धरायची आणि हलकेच ठोकायचे. पांढरा थर निघताना आवाज जाड येतो, निळा दिसला की हात आपोआप हलका होतो. मुलीच्या चेहऱ्यावरचा निळा थर एका ठोक्यात गालापासून हनुवटीपर्यंत सुटला आणि खाली तिच्या ओठाशेजारी माझ्या मैत्रिणीच्या अंगठ्याची रेघ जशीच्या तशी उमटलेली होती. ती रेघ तिने मातीत आठव्या आठवड्याच्या पहिल्याच दिवशी ओढली होती. आम्ही पाचही जण काम थांबवून ती पाहत राहिलो. म्हाताऱ्याच्या काठीवरची करंगळी मात्र माझ्या हातून तुटली. ती शोधून, दोन्ही बाजू ओल्या करून, पातळ प्लास्टरने जोडली आहे आणि सांधा सापडत नाही.

दहावा आठवडा : दालन

दालन 9 मीटर बाय 6 मीटरचे आहे. आम्ही 1:20 प्रमाणात, 45 बाय 30 सेंमीच्या पुठ्ठ्यावर त्याचा आराखडा केला आणि प्रत्येक कामाचे कागदी तुकडे सरकवत दोन संध्याकाळी घालवल्या. 'वाट' मध्यभागी आहे, तिच्याभोवती चारही बाजूंनी दीड मीटर मोकळी जागा आहे आणि नऊ स्वतंत्र कामे कडेने आहेत. माझ्या मते आमची स्वतंत्र कामे संख्येने अजून दोन कमी असती तर बरे झाले असते, पण बहुमताचा निर्णय मला मान्य आहे.

चौथऱ्याच्या उंचीवर सर्वांत लांब चर्चा झाली. रोदँला आपले नागरिक जमिनीलगत, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पातळीवर हवे होते. 1895 मध्ये ते उंच चौथऱ्यावर बसवले गेले आणि 1924 मध्येच खाली आले. परंतु तेथील आकृत्या माणसापेक्षा मोठ्या आहेत. आमच्या 67.5 सेंमीच्या आकृत्या जमिनीवर ठेवल्या तर त्या खेळण्यांसारख्या दिसतात आणि नेहमीच्या 90 सेंमीच्या चौथऱ्यावर ठेवल्या तर डोकी डोळ्यांसमोर येऊन मागची माणसे झाकली जातात. पुठ्ठ्याचे खोके रचून पाहिल्यावर 60 सेंमी नक्की केले. उभ्या प्रेक्षकाची नजर किंचित वरून पडते आणि पायांमधल्या मोकळ्या जागेचा आकार दिसतो. लहान मुलांना आणि चाकाच्या खुर्चीवर बसलेल्यांना चेहरे समोर दिसतात.

प्रकाशाचे काम लवकर झाले. बरोबर डोक्यावरच्या दिव्याने डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडत होत्या, म्हणून मुख्य दिवा बाजूने, 45 अंशांच्या आसपास आणि समोरून एक मंद दिवा. आता म्हाताऱ्याची सावली मुलीच्या पायांपर्यंत जाते.

नामफलकावर पाच नावे वर्णानुक्रमाने येतील, कोणती आकृती कोणाची हे लिहिले जाणार नाही. एका सहकाऱ्याला ते प्रथम पटले नव्हते आणि त्याची हरकत रास्त होती, कारण प्रत्येकाच्या कष्टाची वेगळी नोंद राहावी असे वाटणे स्वाभाविक आहे. मी त्याला एवढेच विचारले की म्हाताऱ्याचा खांदा कोणाच्या नावावर लिहायचा.

अकरावा आठवडा

शेलॅकचे दोन हात देऊन त्यावर मातकट रंग पातळ करून चढवतो आहोत. पाचही आकृत्यांना एकाच वाडग्यातला रंग लागेल आणि खोलगट जागांत तो राहू देऊन उंचवट्यांवरून फडक्याने पुसला जाईल. तीन झाल्या, आई आणि तरुण बाकी आहेत.

काल सर्व आकृत्या चौथऱ्यावर ठेवल्या. प्रत्येकीच्या एका पायातून आटे पाडलेला गज खाली येतो आणि नटने आवळला जातो, त्यामुळे नट ढिला असेपर्यंत आकृती जागच्या जागी फिरवता येते. पाठ फिरवलेला माणूस सगळ्यांपासून फार तुटलेला वाटत होता. एकाने त्याला धरले, मी चौथऱ्याच्या टोकाशी वाकून पाहत राहिले आणि तो बोटभर डावीकडे वळल्यावर त्याची टाच आणि टाचा उंचावलेल्या मुलीचा पंजा यांच्यामधली जागा एकदम आवळली, जणू त्याने पाठीमागे तिची चाहूल घेतली आहे. दोघांच्या पायांभोवती पेन्सिलने रेघा ओढून ठेवल्या आहेत. उद्या सकाळी दुसऱ्या पायाखाली भोक पाडून खिळा बसवायचा, म्हणजे तो तेथून हलणार नाही.