आधी उंदीर, मग साप

कुडाळजवळच्या आमच्या घरात पावसाच्या तोंडाला ओटीवर मण्यार निघाली, तेव्हापासून आईने कुणालाच जमिनीवर अंथरूण घालू दिलं नाही. बरोबरच होतं तिचं. मण्यार रात्री फिरते आणि तिचा दंश इतका हलका, की झोपलेल्याला कळतही नाही.

फिनेल शिंपडा, लसूण टाका, असं जो तो सांगत होता. पण अशा वासाने साप अडत नाही. सर्पमित्र आला आणि त्याने पहिल्यांदा कणगी बघितली. आईला म्हणाला, "काकी, आधी उंदीर घालवा, मगे सोरोप येवचे नाय."

तिथून कामाला लागलो. भात पत्र्याच्या कोठीत गेलं. कोंबड्यांचं दाणं रात्री अंगणात ठेवणं बंद. शेणी आणि लाकडं पडवीतून काढून मांगरात, म्हणजे घराबाहेरच्या खोपीत, जमिनीपासून उंच फळीवर रचली. न्हाणीच्या सांडपाण्याच्या तोंडाला बारीक जाळी, दाराखाली रबराची पट्टी.

खरा वेळ खाल्ला गडग्याने, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंतीने. जांभ्याचा, चुन्यावाचून रचलेला. त्याच्या फटी म्हणजे फुरशांची घरंच. इवलंसं, मातीच्या रंगाचं जनावर, खवले घासून खरखर आवाज करतं, पण तेवढं ऐकायला सवड मिळेलच असं नाही. म्हणून गमबूट घालून, दगडाला हात न लावता पहारीने उलटवत गेलो. फुरशी निघालीच. ती सर्पमित्राने नेली. घराला लागलेला तेवढा गडगा सिमेंटने बांधून घेतला. बागेकडचा मुद्दाम तसाच ठेवला, कारण तिथे धामण आहे आणि आमच्या माडांखालचे उंदीर तीच खाते. तिला मारायचं नाही, हे घरातल्या गड्यांना बजावून सांगितलं. 1972 च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हाही आहे.

एवढं करूनही साप येणारच नाही, असं मी म्हणणार नाही. म्हणून मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून झोपतो आणि रात्री बॅटरीशिवाय खळ्यात उतरत नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच प्रतिविष चालतं. ते जवळ कुठल्या सरकारी दवाखान्यात मिळतं, ते विचारून ठेवलं. दंश झालाच तर आवळून बांधायचं नाही, चिरायचं नाही, हातपाय न हलवता थेट तिकडे न्यायचं. 108 नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलाय, आईला चष्म्याशिवाय दिसेल एवढा.