पी१६ने आज निकाल लावला

आजचा दिवस गर्भाशयमुखाच्या बायोप्सी बघण्यात गेला, त्यात एक स्लाइड अशी की नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या स्टेनवर कळेचना नुसती सूज आहे का कॅन्सरच्या आधीची स्टेज. मग पी१६ (त्याच नावाचं प्रोटीन दाखवणारा खास स्टेन) लावलं आणि खालून वरपर्यंत सलग तपकिरी पट्टा, म्हणजे कॅन्सरच्या आधीचीच स्टेज!! गंमत म्हणजे पी१६ हे पेशीला ब्रेक लावणारं प्रोटीन, पण एचपीव्ही या व्हायरसचं (ज्याच्यामुळे हा कॅन्सर होतो) ई७ प्रोटीन, हा ब्रेक ज्याच्यामार्फत लागतो त्या आरबी प्रोटीनलाच निकामी करतं, मग पेशी बिचारी ब्रेक दाबतच राहते आणि गाडी काही थांबत नाही. तिकडे त्याच व्हायरसचं ई६ पेशीच्या पी५३ या राखणदार प्रोटीनला संपवतं ते वेगळंच.

बाईंना त्रास काहीच नव्हता, जाऊबाईंनी ओढत नेलं म्हणून तपासणी झाली. अशा जावा घरोघरी हव्यात राव. आपल्याच उस्मानाबाद जिल्ह्यातल्या (आताचं धाराशिव) १ लाख ३१ हजार बायकांवरचा अभ्यास २००९ला छापून आला, एकदाच एचपीव्ही टेस्ट केलेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे, तरी टेस्टचं नाव काढलं की अजून लोक म्हणतात कशाला उगाच.

असो, रिपोर्ट सही करून पाठवलाय, बहुतेक लीप (विजेच्या तारेच्या कडीने कापायची छोटी शस्त्रक्रिया) करून तेवढाच भाग काढतील, पिशवी काढायची गरज पडू नये.