फोर्ट सिलोसो: तोफांपासून सुरुवात करा

सिंगापूरला गेलेली बहुतेक मंडळी सेंटोसा बेटावर जातात ती समुद्रकिनारा आणि युनिव्हर्सल स्टुडिओसाठी. मला तिथला फोर्ट सिलोसो बघायचा होता. बीच स्टेशनवरून बेटावरची बस धरली आणि पश्चिम टोकाला उतरलो. किल्ल्याला तिकीट नाही. लिफ्टने अकरा मजले वर गेलं की झाडांच्या शेंड्यांवरून 181 मीटर लांबीचा स्कायवॉक थेट टेकडीवर नेतो. केपेल बंदरात पश्चिमेकडून शिरणारी जहाजं वरून दिसतात, आणि ब्रिटिशांनी 1870च्या दशकात हीच जागा का निवडली ते लगेच कळतं.

जलदुर्ग म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे विजयदुर्गाची तटबंदी येते. इथे तट-बुरूज नाहीतच. तोफांचे चौथरे टेकडीत बसवलेले, दारूगोळ्याची कोठारं आणि भुयारं जमिनीखाली. एकोणिसाव्या शतकातल्या नव्या तोफांपुढे उंच भिंत टिकेना, म्हणून किल्लाच मातीत लपवला. भुयारात जरूर उतरा. दमट, कोंदट हवेत गोळे वाहून नेणाऱ्या माणसांचे हाल अंगाला जाणवतात.

सिंगापूरच्या तोफांची तोंडं समुद्राकडे होती म्हणून 1942 मध्ये जमिनीवरून चालून आलेल्या जपान्यांच्या हाती शहर पडलं, असं मीही वर्षानुवर्षं ऐकत आलो होतो. ते अर्धवट आहे. किनाऱ्यावरच्या बऱ्याच तोफा जमिनीकडे फिरवता येत होत्या आणि फिरवल्याही गेल्या. अडचण गोळ्यांची होती. साठ्यात भर होता तो जहाजाचं पोलादी कवच भेदणाऱ्या गोळ्यांचा. असा गोळा मऊ जमिनीत खोल घुसतो, पसरलेल्या पायदळाचं फारसं बिघडवत नाही. त्यासाठी लागणारे स्फोटक गोळे मोजकेच होते. तोफेशेजारी उभं राहून हे समजून घेणं आणि पुस्तकात वाचणं यात फार फरक आहे.

म्हणूनच मेणाच्या पुतळ्यांचं दालन शेवटी ठेवा. 15 फेब्रुवारी 1942 ला ब्रिटिश सेनापती पर्सिव्हलने जपानी सेनापती यामाशितापुढे पत्करलेली शरणागती आणि 1945 मधली जपानची शरणागती, दोन्ही प्रसंग तिथे उभे केले आहेत. मी पहिल्यापाशी बराच वेळ थांबलो. त्या हरलेल्या सैन्यात हजारो भारतीय होते. दोनच दिवसांनी, 17 फेब्रुवारीला, फेरर पार्कच्या मैदानावर त्यांना ब्रिटिश सैनिकांपासून वेगळं काढून जपान्यांच्या हवाली केलं गेलं. आझाद हिंद सेनेत पुढे गेलेले कितीतरी जण त्या मैदानात उभे होते. भारतीय पर्यटकाने इथे यावं, ते मुख्यतः यासाठी.

सकाळी लवकर या. दुपारी ऊन आणि दमटपणा असह्य होतो, पाऊसही अचानक कोसळतो. 1942च्या शरणागतीवर प्रत्यक्ष सह्या झाल्या त्या बुकित तिमाहच्या फोर्ड कारखान्यात. तिथेही आता संग्रहालय आहे, पण ते इथून बरंच लांब पडतं. त्याला वेगळा दिवस द्या.